हस्कीच्या हट्टापासून देशी तांबीपर्यंत: पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या नागपूरच्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

२०२३ च्या दिवाळीनंतर नागपुरातील एक कुटुंब कुत्रा घेण्याआधीचा सल्ला विचारण्यासाठी माझ्या दवाखान्यात आले. पशुवैद्याकडे अशा वेळी येणारी माणसे थोडी असतात. बहुतेक जण पिल्लू हातात घेऊनच दवाखान्याची पायरी चढतात, आणि तोवर निवड होऊन गेलेली असल्यामुळे पुढचे काम केवळ निस्तरण्याचे उरते. या कुटुंबाने आधी विचारले, मधले टप्पे वहीत टिपून ठेवले आणि नंतरच्या अडचणीही मोकळेपणाने सांगितल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडता येत आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

वडील सरकारी बँकेत अधिकारी आहेत आणि त्यांची नोकरी बदलीची आहे. आई शाळेत शिक्षिका असून मुलगा तेव्हा आठवीत होता. वडिलांची आई, म्हणजे घरातील आजी, बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि हृदयाच्या त्रासामुळे त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. घर तिसऱ्या मजल्यावर असून दोन झोपण्याच्या खोल्या आहेत. त्यांपैकी एका खोलीत एसी आहे आणि बाकी घर कूलरवर चालते. दहा मिनिटांच्या अंतरावर एक मोकळे मैदान आहे. आई-वडिलांनी किंवा मुलाने कधीही कुत्रा पाळलेला नव्हता. आजींच्या माहेरी, अमरावतीजवळच्या खेड्यात, शेतावर कुत्री असत, परंतु ती घरात येत नसत.

मूळ प्रश्न

मुलाला सायबेरियन हस्की हवा होता. निळ्या डोळ्यांच्या हस्कीचे व्हिडिओ तो कित्येक महिने पाहत होता, आणि वडिलांनी परीक्षेच्या निकालानंतर कुत्रा घेऊन देण्याचा शब्द दिलेला होता. एका ब्रीडरने पिल्लाचे व्हिडिओ पाठवून पंचेचाळीस हजार रुपये किंमत सांगितली होती आणि रविवारपर्यंत दहा हजार रुपये आगाऊ भरले नाहीत तर पिल्लू दुसऱ्याला जाईल, असे कळवले होते. पिल्लू तेव्हा पस्तीस दिवसांचे होते आणि चाळिसाव्या दिवशी ते घरपोच मिळणार होते.

वडिलांची अपेक्षा अशी की कुत्रा देखणा असावा, त्याने घर राखावे आणि सांगितलेले ऐकावे. आईला घरभर केस आणि वास नको होता. आजींचे मत कोणी विचारलेले नव्हते, कारण कुत्रा मुलासाठी यायचा होता.

कुटुंबाने विचारलेला प्रश्न होता, ‘आमच्यासाठी कोणती जात चांगली?’ तो चुकीचा नव्हता, पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा होता. हा कुत्रा दिवसाचे चोवीस तास कोणाबरोबर काढणार आहे? मी त्यांना एक कोरा कागद देऊन आठवड्यातील एका सामान्य दिवसाचे तासवार वेळापत्रक लिहायला सांगितले. वडील साडेनऊला निघून रात्री आठला परततात. आई आणि मुलगा साडेदहाला बाहेर पडून पाचच्या सुमारास येतात, आणि त्यानंतर मुलाची शिकवणी असते. म्हणजे रोजचे सलग साडेसहा तास घरात फक्त आजी असणार होत्या. ज्या व्यक्तीचे मत विचारलेच गेले नव्हते, तिच्याच अंगावर कुत्र्याचा अर्धा दिवस येणार होता.

पुढच्या भेटीला आजी स्वतः आल्या. त्या म्हणाल्या, “मले कुत्र्याचं भेव नाही, पण त्यानं वढून पाडलं त मले उचलाले कोण येईल?” या एका वाक्याने पुढच्या सगळ्या चर्चेला दिशा मिळाली.

पहिला निर्णय: आगाऊ रक्कम भरायची का

रविवारच्या मुदतीमुळे हा निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागला. श्वान प्रजनन आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. चाळिसाव्या दिवशी पिल्लू देणारा विक्रेता या दोन्हींपैकी पहिली अट उघडपणे मोडत होता. आठ आठवड्यांची अट निव्वळ कागदी नाही. आई आणि भावंडांबरोबरच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू दाताचा जोर आवरायला शिकते, आणि आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण याच काळात उतरू लागल्यामुळे पार्व्होसारख्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका वाढतो. अशा नाजूक दिवसांत त्याला आईपासून तोडून लांबच्या प्रवासाला काढणे म्हणजे जुगार आहे.

वडिलांनी ब्रीडरकडे तीन गोष्टी मागितल्या: नोंदणी क्रमांक, पिल्लाच्या आईला तिच्या नेहमीच्या जागी प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी आणि लसीकरणाचे पुस्तक. पुस्तकाचा फोटो आला, पण बाकी दोन्हींवर उत्तर आले नाही. ‘केसीआयचे कागद आहेत’ हे मात्र वारंवार सांगितले गेले. केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र कुत्र्याच्या वंशावळीची नोंद असते. पिल्लू निरोगी आहे किंवा त्याचे आई-वडील नितंबाच्या सांध्यांसाठी तपासलेले आहेत, असे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. पैसे भरले गेले नाहीत. मुलगा दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बोलला नाही, आणि वडिलांनी ते सोसले, हे मला महत्त्वाचे वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

हस्कीला पूर्णपणे बाद करण्याआधी मुलासमोर त्याची बाजू नीट मांडणे आवश्यक होते, नाहीतर पुढचा कोणताही कुत्रा त्याच्या दृष्टीने दुय्यमच राहिला असता. ईशान्य सायबेरियातील चुक्ची लोकांनी बर्फावरून गाडी ओढण्यासाठी ही जात घडवली. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि कामाची भूक मोठी असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ आणि श्वासमार्गातील ओलावा उडवून अंग थंड करतो. बंद खोलीत कूलर चालवला की हवा दमट होते आणि नेमकी हीच सोय कमी पडू लागते. त्यामुळे ‘आमच्याकडे मोठा कूलर आहे’ हे उत्तर हस्कीसाठी पुरेसे नव्हते. त्याला उन्हाळ्याचे तीन-साडेतीन महिने बहुतांश वेळ एसीच्या एकाच खोलीत ठेवावे लागले असते, आणि पळण्यासाठी जन्मलेल्या कुत्र्याला एका खोलीत कोंडल्यावर तो दारे-सोफे कुरतडतो व तासन्‌तास हेल काढतो. हे ऐकताना मुलाने विचारले, “मग त्याला तिथे बरं वाटणार नाही का?” तेराव्या वर्षी हा प्रश्न सुचला, म्हणून पुढचे सगळे काम सोपे गेले.

मामांनी रॉटवायलर सुचवला होता. ताकदीचा कुत्रा, नवखे मालक आणि गुडघा दुखणाऱ्या आजी हे गणित जुळत नसल्यामुळे त्यावर फार वेळ गेला नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने आक्रमक ठरवलेल्या ज्या २३ प्रकारांच्या कुत्र्यांवर बंदी आणण्याचे परिपत्रक काढले, त्यांत रॉटवायलरही होता. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केले, परंतु या घरासाठी उत्तर त्याआधीच ठरलेले होते.

लॅब्रॅडॉर हा वडिलांचा आवडता पर्याय होता आणि भारतातील बहुतेक नवख्या मालकांना तोच सुचवला जातो. स्वभावाने तो माणसाळू आणि शिकायला उत्सुक असतो, हे खरेच आहे. परंतु वर्षभरात तो तीस किलोंच्या घरात पोचतो, आणि सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या वयात अंगात ताकद मोठ्या कुत्र्याची व डोके पिल्लाचे असते. तो वाईट हेतूने ओढत नाही, आनंदाने ओढतो, पण आजींच्या गुडघ्याला त्या दोन्हींत फरक पडणार नव्हता. शिवाय त्याची खाण्याची हाव केवळ लाडामुळे येत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे एक-चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतील एका जनुकाचा भाग गळालेला असतो. दुपारी आजी जेवायला बसणार आणि समोर लॅब्रॅडॉर टक लावून पाहणार, हे चित्र डोळ्यांसमोर आणल्यावर वर्षभरातील त्याच्या वजनाचा अंदाज कुटुंबाने स्वतःच बांधला.

पग आणि शिह त्झू हे आकाराने आजींना झेपणारे होते. पण चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग अरुंद असतो, आणि धापा टाकूनच थंड व्हायचे असलेल्या जनावराला श्वासाचीच अडचण असेल तर विदर्भातला उन्हाळा त्याच्यासाठी हस्कीइतकाच कठीण ठरतो. उष्माघाताने दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांमध्ये मी पग नेहमी पाहतो. ते टाळता येण्याजोगे दुःख आहे, म्हणून याबाबत मी भिडेखातर गप्प राहत नाही. बीगल वासामागे धावणारा आणि मोठ्याने हेल काढणारा शिकारी कुत्रा आहे, आणि एका भिंतीआड दुसरे घर असलेल्या इमारतीत एकट्या आजींबरोबर तो दुपारभर शांत बसेल अशी आशा नव्हती. मुधोळ म्हणजेच कारवान हाऊंड हवामानाला अगदी योग्य आहे. तो आपल्या मराठवाड्यातही सांभाळला जातो आणि २००५ मध्ये टपाल खात्याने ज्या चार भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली त्यांत त्याचा समावेश होता. तरीही त्याला रोज मोकळ्यावर सुसाट धावावे लागते आणि परक्यांशी तो चटकन जमवून घेत नाही. जवळच्या मैदानाला कुंपण नसल्यामुळे त्याला मोकळे सोडणे शक्य नव्हते.

एक पर्याय मला शेवटपर्यंत योग्य वाटत राहिला, तो म्हणजे आपल्याकडे सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणून ओळखला जाणारा इंडियन स्पिट्झ. तो पिढ्यान्‌पिढ्या इथल्या हवेत वाढलेला आहे, आकाराने आवाक्यातला आहे, आजींनाही तो ओळखीचा होता आणि दारावरची चाहूल तो हमखास देतो. आईचा विरोध केसांमुळे होता आणि शेजाऱ्यांचा विरोध भुंकण्यामुळे होईल अशी भीती होती. तरीही चांगल्या स्वभावाचा प्रौढ स्पिट्झ त्या वेळी मिळाला असता तर हे प्रकरण कदाचित तिथेच संपले असते.

दुसरा निर्णय: पिल्लू की वाढलेला कुत्रा

जातींची चर्चा बरीच झाल्यावर तासवार वेळापत्रकाकडे परत गेलो, तेव्हा लक्षात आले की अडचण जातीइतकीच वयाची आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू-शीसाठी न्यावे लागते. तिसऱ्या मजल्यावरून दुपारी तीन वेळा ते खाली कोण नेणार? पिल्लाचे दात सुईसारखे असतात, ते पायांशी खेळत घोट्यांना चावते, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजींच्या पातळ झालेल्या त्वचेवर साधा ओरखडाही बराच वेळ वाहत राहिला असता. यात जात कोणतीही असली तरी फरक पडणार नव्हता.

दुसरे कारण स्वभावाच्या भरवशाचे होते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असे आढळले. जातीवरून आकार, केस, श्वासाची ठेवण आणि काही आजारांची शक्यता बऱ्यापैकी कळते. पण हे विशिष्ट पिल्लू मोठेपणी आजींशी कसे वागेल, हे फारसे कळत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर दिसतो आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाला विचारता येतो. पहिल्यांदाच कुत्रा घेणाऱ्या घराला अंदाजापेक्षा माहितीची जास्त गरज असते, आणि माझ्या मते पहिल्या कुत्र्याच्या निवडीतील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

आई लगेच तयार झाली. वडिलांची शंका अशी की मोठा कुत्रा नव्या घराला लळा लावत नाही. हा समज सर्वत्र आढळतो, पण रोजच्या अनुभवाला तो टिकत नाही. मुलाची नाराजी मात्र खरी होती, कारण त्याला छोटेसे पिल्लू मांडीवर घ्यायचे होते. त्याचे समाधान कोणत्याही युक्तिवादाने झाले नाही आणि कोणी तसा फार प्रयत्नही केला नाही.

याच काळात एक चाचणी घेतली गेली. बाप-लेकांनी दोन आठवडे रोज पहाटे साडेपाचला उठून, कुत्रा नसतानाच, अर्धा तास मैदानाला फेरी मारायची होती. वडिलांचे खाडे मोजके झाले. मुलगा पहिल्या आठवड्यात उत्साहाने गेला, पण दुसऱ्या आठवड्यात निम्मे दिवस झोपून राहिला. सकाळची जबाबदारी वडिलांची आणि संध्याकाळची मुलाची, असे मग ठरले.

तिसरा निर्णय: दोन कुत्र्यांमधून एक

जानेवारी २०२४ मध्ये ओळखीच्या स्वयंसेवकांकडे दोन प्रौढ कुत्री दत्तक देण्यासाठी होती. एक मालकाने सोडून दिलेला चार वर्षांचा लॅब्रॅडॉर होता आणि त्याचे वजन अडतीस किलो भरत होते. दुसरी अंदाजे अडीच वर्षांची, सोळा किलोंची, तांबूस रंगाची देशी मादी होती. अपघातानंतर ती स्वयंसेवकांच्या अंगणात राहत होती, तिची नसबंदी झालेली होती आणि रेबीजसह सर्व लसी दिलेल्या होत्या. आजींनी पुढे तिच्या रंगावरून तिला तांबी म्हणायला सुरुवात केली, म्हणून इथेही तेच नाव वापरतो.

भेट अंगणातच ठरवली. लॅब्रॅडॉर धावत येऊन मुलाच्या अंगावर चढला आणि मुलाचा चेहरा फुलला. नंतर मी स्वतः बाजूला उभा राहून त्याची दोरी आजींच्या हातात दिली. गेटजवळ मांजर दिसताच त्याने झेप घेतली, आणि आजींनी वेळीच दोरी सोडून खांब धरला म्हणून त्या पडल्या नाहीत. तांबी सुरुवातीला कोणाजवळ आली नाही. ती अंगणाच्या कडेने फिरत, हवेत वास घेत, सगळ्यांकडे पाहत राहिली. वीसेक मिनिटांनी ती आजींच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर येऊन बसली. दोरी हातात घेऊन आजी चालल्या तेव्हा ती त्यांच्या चालीने चालली. कुत्री मागे राहिली की आजी थांबत आणि आजी थांबल्या की कुत्री थांबे, हे पाहून वडिलांनी पहिल्यांदाच विचारले, “हिला घरी न्यायचं म्हटलं तर काय करावं लागेल?”

वडिलांचा खरा अडथळा वेगळा होता. रस्त्यावरचे कुत्रे घरात आणले तर इमारतीत लोक काय म्हणतील, ही चिंता त्यांना वाटत होती, आणि नागपुरात तिला संदर्भही होता. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तकच घ्यावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती. तेव्हापासून या विषयावर शहरातील सोसायट्यांत वाद धुमसतच होते. त्यामुळे कायमचे दत्तक घेण्याआधी तीन आठवडे तांबीला तात्पुरते सांभाळायचे आणि जमले नाही तर स्वयंसेवक तिला परत नेतील, असे लेखी ठरवले. या अटीमुळे वडिलांवरचे दडपण उतरले.

केलेली कार्यवाही

तांबी फेब्रुवारीत घरी आली. नव्या जागी आलेले देशी कुत्रे पहिल्या दिवसांत घाबरून निसटण्याचा धोका मोठा असतो, म्हणून एक दोरी गळ्यातील पट्ट्याला आणि दुसरी हार्नेसला (छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला), अशा दोन दोऱ्या लावूनच तिला बाहेर न्यायचे ठरले. पहिला आठवडा पाहुणे नाहीत, आंघोळ नाही आणि जबरदस्तीने कुरवाळणे नाही. तिचे अंथरूण आजींच्या खोलीत कोपऱ्यात, आणि जेवण रोज ठरलेल्या वेळी.

सर्वांत अवघड गेली ती लिफ्ट. दार उघडले की ती चारही पाय ताठ करून मागे सरके. जिन्याने नेणे वडिलांना शक्य होते, पण कधी वेळ आली तर आजींना नव्हते. मुलाने हे काम स्वतःकडे घेतले. रोज रात्री जेवणानंतर, वर्दळ कमी झाल्यावर, तो उघड्या लिफ्टसमोर फरशीवर बसे आणि उकडलेल्या अंड्याचे लहान तुकडे आधी दारापासून लांब, मग उंबरठ्यावर, मग आत ठेवी. दार बंद करण्याची घाई त्याने केली नाही. आठवडाभराने तांबी आपणहून आत जाऊन बसली, आणि त्या रात्री मुलाने मला पाठवलेल्या संदेशात हस्कीचा उल्लेख नव्हता.

सोसायटीच्या सचिवांचे पत्र तिसऱ्या आठवड्यात आले. कुत्र्याला लिफ्टने नेऊ नये आणि देखभालीचा जादा आकार भरावा, असे त्यात म्हटले होते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळा आकारही लावता येत नाही. वडिलांनी भांडण न करता या सूचनांची प्रत, लसीकरणाची आणि नसबंदीची कागदपत्रे व महापालिकेच्या परवान्याची प्रत जोडून उत्तर दिले. घाण स्वतः उचलू आणि शाळेच्या बस येतात त्या वेळी लिफ्ट टाळू, असे त्यांनी त्यात आपणहून लिहिले. विषय तिथेच मिटला. तीन आठवडे संपल्यावर तांबी कायमची त्यांची झाली.

उन्हाळ्यात फिरण्याच्या वेळा पहाटे सव्वापाच आणि रात्री नऊनंतर अशा केल्या. तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता आली तरच कुत्र्याला त्यावरून न्यायचे, हा नियम मुलाने काटेकोर पाळला. खिडकी उघडी ठेवून चालवलेला कूलर आणि थंड फरशी तांबीला पुरली.

चौथा निर्णय: परत द्यायचे का

जून २०२४ मध्ये वडिलांची मराठवाड्यात बदली झाली. मुलगा नववीत गेला होता, म्हणून कुटुंब नागपुरातच राहिले. कुत्र्याला घेऊन रेल्वेने जायचे तर प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्यातील पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर कुत्र्याला ब्रेक व्हॅनमधील पेटीत ठेवावे लागते. तो विचार मागे पडला, पण सकाळी फिरवणारा माणूसच घरातून गेला.

महिनाभरात परिणाम दिसू लागला. मुलाची सकाळची फेरी दहा मिनिटांवर आली. दुपारी तांबी दाराशी उभी राहून प्रत्येक पावलावर भुंकू लागली आणि आजींची झोप उडाली. त्यातच जुलैच्या शेवटी तिने खाणे सोडले आणि ताप भरला. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट बऱ्याच कमी आढळल्या आणि गोचीड तापाचे निदान झाले. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स पूर्ण करून ती बरी झाली, परंतु ते आठवडे आई आणि आजी दोघींसाठी थकवणारे होते. नातेवाइकांनी कुत्री परत देण्याचा सल्ला दिला, आणि आईने मला तसे स्पष्ट विचारले.

मी तिला परत द्या किंवा देऊ नका, असे न सांगता पुन्हा तासवार वेळापत्रक लिहायला सांगितले. भुंकण्याचे कारण स्वभावात नव्हते, रिकाम्या दिवसात होते. दोन गोष्टी बदलल्या. शेजारच्या विंगमध्ये राहणारे एक निवृत्त गृहस्थ रोज पहाटे फिरायला जात. त्यांनी तांबीला बरोबर न्यायचे कबूल केले, आणि पहिले तीन आठवडे मुलगाही त्यांच्यासोबत गेला. दुपारचे जेवण भांड्यात देण्याऐवजी आजी खुर्चीत बसून ते जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवू लागल्या. ते हुंगून शोधण्यात तांबीचा अर्धा तास जाई आणि त्यानंतर ती झोपे. नाकाला दिलेले कामही कुत्र्याला थकवते, आणि हे काम बसल्या जागी करता येते. सप्टेंबरपर्यंत दुपारचे भुंकणे पोस्टमन आणि पार्सलवाल्यांपुरते उरले.

परिणाम

हे लिहिताना, म्हणजे मे २०२५ मध्ये, तांबीला या घरात सव्वा वर्ष झाले आहे. ती कोणालाही चावलेली नाही, आजी एकदाही पडलेल्या नाहीत. वजन अठरा किलो आहे आणि ते तिच्या बांध्याला योग्य आहे. फटाक्यांना ती अजूनही घाबरते. २०२४ च्या दिवाळीत तिने दोन रात्री आजींच्या पलंगाखाली काढल्या. केस गळतात, पण आईने जेवढी धास्ती घेतली होती तेवढे नाहीत. परक्या पुरुषाला घरात आलेले तिला आवडत नाही, त्यामुळे दुरुस्तीसाठी कोणी येणार असले की तिला आतल्या खोलीत ठेवावे लागते. वडिलांना हवी असलेली राखण त्यांना न मागता मिळाली. मुलाचे हस्कीचे वेड संपलेले नाही. मोठा झाल्यावर थंड प्रदेशात राहायला गेलो तर घेईन, असे तो म्हणतो, आणि मला ते उत्तर समंजसपणाचे वाटते.

काय वेगळे करता आले असते

आजी पहिल्या भेटीतच खोलीत असायला हव्या होत्या. त्यांचे म्हणणे आधी ऐकले गेले असते तर मुलाला हस्कीचे स्वप्न टप्प्याटप्प्याने सोडावे लागले नसते, कारण ओढणारा मोठा कुत्रा मुळात यादीतच आला नसता.

तात्पुरत्या सांभाळाच्या काळातच गोचीड तापाची रक्ततपासणी करून घेणे शक्य होते. अंगणात राहिलेल्या कुत्र्यात हा संसर्ग लक्षणांशिवाय महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. तांबीचा आजार आधीचा होता की पावसाळ्यात नव्याने लागला, हे आता सांगता येत नाही. ती तपासणी आणि पावसाळ्याआधीच सुरू केलेला गोचीडरोधक उपाय, एवढ्याने तो ऑगस्ट महिना टळला असता.

बदलीचा मुद्दा सर्वांना ठाऊक होता, पण कागदावर कोणी लिहिला नव्हता. ज्या घरात तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली असते, तिथे कुत्रा आणण्याआधी ‘हा माणूस घरात नसेल तर त्याचे काम कोण करेल’ हा रकाना वेळापत्रकात असलाच पाहिजे. प्रौढ स्पिट्झसाठी आणखी दोन-तीन महिने थांबणे हाही मार्ग खुला होता. लहान आकारामुळे बदलीच्या वेळी तो सोयीचा ठरला असता, मात्र दुपारच्या भुंकण्याचा प्रश्न बहुधा अधिक तीव्र झाला असता.

पुढची कसोटी जवळ आली आहे. मुलाची दहावीची परीक्षा २०२६ च्या मार्चमध्ये असेल, आणि शेजारचे गृहस्थ हिवाळ्यात काही महिने मुलीकडे पुण्याला जाणार आहेत. सकाळच्या फेरीसाठी पगारी माणूस ठेवायचा का, हे कुटुंबाने अजून ठरवलेले नाही. ठेवायचा असेल तर त्याची जुळवाजुळव दिवाळीआधीच सुरू करावी, असे मी त्यांना सांगितले आहे, कारण नवा माणूस स्वीकारायला तांबीला तीन-चार आठवडे लागतात आणि ते आठवडे मुलाने त्या माणसाबरोबर चालण्याचे असतील.